सावल्या आखणारे नागणसुरे सर

नागणसुरे सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पुठ्ठ्याच्या भोकातून.

सोलापुरातल्या एका खासगी चित्रकला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवसाची गोष्ट. नवी साडी, नवी पर्स आणि माळशिरसहून पहाटेच्या एसटीनं आल्यामुळे विस्कटलेले केस अशा अवतारात मी स्टाफरूममध्ये शिरले. कोपऱ्यात पांढऱ्या शर्टातला एक उंच, काटकुळा माणूस भाकरी मोडत बसला होता. मला पाहताच त्यानं भाकरी खाली ठेवली, खिशातून उदबत्तीच्या पुड्याचा एक तुकडा काढला, त्याला पाडलेल्या चौकोनी भोकाला डोळा लावला आणि दुसरा डोळा मिटून माझ्याकडे रोखून बघायला लागला. मी केस सावरले. पदर नीट केला. चित्रकारांच्या जगात आपलं असंच स्वागत होणार, असं वाटून थोडीशी लाजलेही.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा डावीकडं सरकता का? तुमच्या मागच्या खिडकीत उजेड लई भारी आलाय."

मी सरकले. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्यासाठी डावीकडे सरकत राहिले.

चित्राची चौकट ठरवायचा तो पुठ्ठा त्यांच्या खिशात कायम असायचा. त्यातून ते भाजीवाली बघत, म्हशी बघत, प्राचार्यांचं भाषण चालू असलं की प्राचार्य बघत. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी अक्षता पडत असताना नवरीकडे पुठ्ठ्यातून पाहिलं होतं, आणि नवरीच्या मामाला समजवायला आम्हाला जेवणाची पहिली पंगत सोडावी लागली होती. सरांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "बघायलाच बोलावलं होतं की," एवढंच म्हणाले.

सर अक्कलकोटच्या पलीकडचे. घरी कन्नड, वर्गात मराठी. रागावले की मराठी मध्येच संपायची आणि उरलेला राग कन्नडात निघायचा. सांगोल्याकडच्या मुलांना त्यातला शब्द कळत नसे, पण आपल्या चित्रातला हात खांद्यातून न येता कानातून आलाय, हे मात्र नेमकं कळायचं.

वस्तुचित्रणाच्या तासाला लागणारी भाजी ते स्वतः आणत. मंडईतून घेतलेली वांगी, दोडके आधी कॉलेजात यायचे. मुलं दोन-तीन दिवस ते रंगवायची, आणि मग ती सुकलेली भाजी सरांच्या सायकलला पिशवीतून लटकत घरी जायची. त्यांच्या पत्नी गौराक्का मला एकदा म्हणाल्या, "आमच्यात वांगं शिजायचं म्हणजे आदी पोरांनी पास व्हावं लागतंय बघा."

कौतुकाच्या बाबतीत सरांचा हिशेब उलटा होता. चित्र उत्तम जमलं की ते म्हणत, "बिघडलं न्हाई अजून." याच्यावरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. आणि चित्र पार हाताबाहेर गेलं की मान हलवत म्हणत, "छान." जुन्या मुलांना हे ठाऊक असे. नव्यांना नसे. पहिल्या वर्षाचा एक मुलगा आठवडाभर रोज 'छान' ऐकून शेवटी पेढे घेऊन आला. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हा पण छान हाय." त्या मुलानं दुसऱ्या दिवशी जुन्या मुलांना विचारलं, आणि चार दिवस कॉलेजात तोंड दाखवलं नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल. आमच्या कॉलेजात सगळेच शिक्षक काही ना काही करत. कुणी निसर्गचित्रं, कुणी गणपती, कुणी लोकांच्या दिवाणखान्यांत शोभतील असे घोडे. नागणसुरे सर सावल्या आखत.

आखत म्हणजे अक्षरशः आखत. कॉलेजच्या आवारात एक कडुलिंबाचं झाड होतं. उन्हाळ्यात सर सकाळीच खडू घेऊन त्याच्या सावलीच्या कडेवर उकिडवे बसत आणि कडेकडेनं रेघ ओढत. सावली सरकली की नवी रेघ. ती सरकली की आणखी एक. संध्याकाळपर्यंत सगळ्या आवारात रेघांवर रेघा होऊन मोठा कांदा कापून ठेवल्यासारखं दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई ते झाडून काढायचा आणि सर पुन्हा खडू घेऊन बसायचे.

प्राचार्यांनी एकदा त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "नागणसुरे, हे विकायचं कसं?"

"विकायचं न्हाई की, सर."

"मग ठेवायचं कुठं?"

"ठेवायचं पण न्हाई."

"अहो, मग करायचं कशाला?"

सरांनी बराच विचार केला. "ऊन हाय म्हणून," ते म्हणाले.

सोलापुरात हे कारण कुणाला खोडून काढता येईना.

मी वरच्या मजल्यावरच्या वर्गात मुलांना समकालीन कलेचे सिद्धांत सांगायची, आणि खिडकीतून खाली हा समकालीन कलावंत डोक्यावर ओला पंचा टाकून बेडकासारखा एकेक पाऊल सरकताना दिसायचा. मुलं माझ्याकडे कमी आणि खाली जास्त बघायची. मीही चोरून बघायची. खरं सांगायचं तर ते वेड आहे की काम, हे मला तेव्हा ठरवता आलं नव्हतं.

शेवटच्या वर्गात तेव्हा लक्ष्मी नावाची मुलगी होती. तेलुगू विणकर घरातली. वडील नरसय्या भवानी पेठेत यंत्रमागावर चादरी काढत. ती बोलायची कमी, पण तिच्या हातची रेघ पाहून सर वहीवर वाकून नुसते उभे राहत आणि बराच वेळ 'बिघडलं न्हाई' म्हणायचंसुद्धा विसरत. एका चैत्रात तिनंच सरांना सुचवलं, "सर, झाडाची सावली झाली. आमच्या पेठेत या की. पत्र्यांच्या, वायरींच्या, वाळत टाकलेल्या चादरींच्या सावल्या पडतात."

सर लहान मुलासारखे खूश झाले. रविवारी सकाळी वर्गातली सगळी मुलं, पिवळ्या-पांढऱ्या खडूंचे खोके आणि सर अशी वरात भवानी पेठेत पोचली. मुलांवर लक्ष ठेवायला मला नेलं होतं. सरांवर लक्ष ठेवायला कुणीच नव्हतं.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. लोक येत, बघत, जात. बाराच्या पुढे समोरच्या इमारतींच्या सावल्या रस्ता ओलांडून दुकानांकडे सरकायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर पिवळ्या रेघाही. एक रेघ शिंप्याच्या पायरीवर चढली. दुसरी भांड्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी आली. भांडीवाले शेठ बाहेर आले, रेघेकडे पाहिलं, गुडघ्यावर बसलेल्या पोरांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ओ साहेब," ते सरांना म्हणाले, "किती आत घेताय?"

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी वर सूर्याकडे बघितलं, खाली रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "सध्या दीड-दोन फूट. चारपर्यंत पार आत जाईल."

"पार आत?"

"तुमच्या गल्ल्यापर्यंत तर जाईलच."

झालं. रस्ता रुंद होणार, महापालिकेची माणसं खुणा करतायत, ही बातमी त्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला शिट्टी वाजण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. शटरं खाली यायला लागली. कुणी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. शिंपी सरांच्या अंगावर धावून आला. "आजोबापासनं दुकान हाय आमचं!"

"आजोबा असताना पण जात असणार की," सर म्हणाले. "रोजच जाती."

"कोण जाती?"

सरांना वाटलं, एवढं समोर दिसतंय ते पुन्हा काय सांगायचं. ते पुढची रेघ ओढायला वाकले. शिंप्यानं त्यांच्या हातातला खडू हिसकावला. मी मध्ये पडून काहीतरी बोलत होते, पण त्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तेवढ्यात लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उठून उभी राहिली. कपाळाला खडू, ओढणी कमरेला बांधलेली. आणि कधी नव्हे ती ओरडली, "अवो काका, सावली हाय ती! तुमच्यावर पडलेली सावली हाय!"

सगळे थांबले. सगळ्यांनी खाली पाहिलं. सावली रेघेपासून दोन बोटं पुढे सरकलेली होती. कुणीतरी खुसकन हसलं, मग दुसरा हसला, मग शिंपीसुद्धा. फक्त कोपऱ्यावरचे एक आजोबा सरांजवळ आले आणि काळजीनं म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. पण नोटीस कधी येणार?"

आम्ही हसत घरी गेलो. तोवर ते चित्रण सोलापूरभर फिरलं होतं.

त्यात लक्ष्मी दिसत होती. रस्त्यावर गुडघे टेकून बसलेली, मग भर गर्दीत ओरडणारी. नरसय्यांनी तिच्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं. त्या लोकांनी ते चित्रण पाहिलं आणि निरोप धाडला, मुलगी रस्त्यावर बसते होय? सोमवारपासून लक्ष्मी कॉलेजात आली नाही. आठवडा गेला, दोन गेले. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली.

इकडे संस्थेनं सरांना बोलावून घेतलं. बदनामी, बेशिस्त वगैरे शब्द झाले. सर ऐकून परत आले आणि स्टाफरूममध्ये भाकरीचा डबा न उघडता बसून राहिले. मला म्हणाले, "मॅडम, नरसय्यांच्या घरी तुमी चला. मला बोलायला जमत न्हाई."

आम्ही गेलो. खाली माग, वर घर. नरसय्या बसा म्हणाले, पण त्यांचा चेहरा बंद दारासारखा होता. लक्ष्मी आत होती. तिच्या आईनं पाणी दिलं. मी मनात वाक्यं जुळवत होते, मुलगी हुशार आहे, एकाच परीक्षेचा प्रश्न आहे. तेवढ्यात सरांचं लक्ष कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या चादरींकडे गेलं. त्यांनी पुठ्ठा काढला.

"नरसय्या," सर म्हणाले, "हा हिरवा तुमी ठरवला का मालकानं?"

"मी."

"लालाशेजारी हा हिरवा भांडतोय."

नरसय्यांनी सरांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता आम्हाला जिना दाखवणार. "भांडू दे की," ते म्हणाले. "भांडला तरच गिऱ्हाईकाला लांबनं दिसतोय."

"लांबनं दिसंल. पण रात्री अंगावर घेतल्यावर झोप कशी लागायची?"

"डोळे मिटल्यावर हिरवा काय नि लाल काय!"

पुढे जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं की सत्संग, मला ठरवता येईना. एकेक चादर उलगडली गेली. सर कन्नडात गेले, नरसय्या तेलुगूत गेले, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. सर म्हणत, यात थोडा पिवळा असता तर. नरसय्या म्हणत, मग तो पोपट झाला असता. दोघंही एक इंच मागे हटेनात. लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली. तिची आई भात लावायला उठली. शेवटी त्या बाईंनीच दोघांपुढे ताटं ठेवली आणि म्हणाल्या, "जेवा आदी. चादर काय पळून जात न्हाई."

जेवण झालं, पान झालं, आम्ही उठलो. जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा मी सरांना म्हटलं, "सर, लक्ष्मीचं?"

सर जागच्या जागी थांबले. मग भर रस्त्यातून वर बघून ओरडले, "अहो नरसय्या! पोरीचं राहिलंच की!"

नरसय्या गॅलरीत आले. "यील उद्यापासनं," ते म्हणाले. "पण रस्त्यावर बसणार न्हाई." आणि आत जाता जाता, "आन् हिरवा बरोबर हाय तो!"

पण एवढ्यानं भागलं नाही. लक्ष्मीची हजेरी कमी पडत होती आणि प्राचार्य फॉर्म सोडायला तयार नव्हते. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. वरून दटावणी आलेली, त्यांनाही नोकरी होतीच. त्या दिवशी सर स्वतःहून त्यांच्या खोलीत गेले.

आमच्या संस्थापकांचं, कैलासवासी अण्णासाहेबांचं, मोठं तैलचित्र सभागृहात लावावं अशी संस्थेची जुनी इच्छा होती. सर वर्षानुवर्षं नाही म्हणत आले होते. "गेलेला माणूस हलत न्हाई. त्याची सावली पण हलत न्हाई. मला जमायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी ते प्राचार्यांना म्हणाले, "अण्णासाहेब करतो. पोरीचा फॉर्म सोडा."

फॉर्म सुटला. सर अडकले.

अण्णासाहेब सुताचे व्यापारी. त्यांचा एकच फोटो होता, काळी टोपी घातलेला, अंगठ्याएवढा. त्यात ते सरकारी कचेरीत नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे दिसत. विश्वस्तांचा आग्रह, चेहरा गंभीर आणि ध्येयवादी हवा. सर सभागृहात कॅनव्हास लावून बसले आणि रोज एक अण्णासाहेब करून रोज पुसायला लागले. गंभीर झाले, ध्येयवादी झाले, एकदा तर चुकून प्राचार्यांसारखेच झाले. मी एकदा डोकावले तेव्हा सर कॅनव्हासकडे बघून स्वतःलाच म्हणत होते, "छान. छान."

शेवटी ते अण्णासाहेबांच्या पत्नींकडे, माईंकडे, जायला लागले. माई नव्वदीच्या आसपासच्या. नजर चांगली, पाय थकलेले. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे सरांशी कन्नडात बोलायला त्यांना बरं वाटे. सर रोज संध्याकाळी तिथे बसत, चहा पीत आणि काहीही न काढता परत येत. मी विचारलं, काय सांगतात माई? सर म्हणाले, "नवऱ्याच्या तक्रारी सांगतात. लई उपयोग होतोय."

अनावरणाचा दिवस आला. सभागृह भरलेलं. चित्रावर जरीचा पडदा. सर पार मागे दाराशी उभे, आणि त्यांच्या करंगळीला ताजा तांबडा रंग. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "सर, सकाळी हात लावलात?" "ओठ जरा चुकत होते," ते कुजबुजले.

पडदा सरला. आणि समोर अण्णासाहेब गालातल्या गालात हसत होते. बायको रागावली असताना हसू आवरायचा प्रयत्न करणारा, आणि ते न जमलेला माणूस. सभागृहात चुळबूळ झाली. अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी छताकडे पाहिलं. वेळ मारून न्यायला अध्यक्षांनी घाईघाईनं झेंडूचा हार चढवला, तो नको तिथे टेकला आणि ओल्या रंगाला चिकटला. काढायला गेले तर हार आला, पाकळ्या अण्णासाहेबांच्या कोटावर राहिल्या. एक हनुवटीवर. मागच्या बाकांवरून हसण्याची लाट उठली, आणि अध्यक्षांचा चेहरा चित्रातल्या कुठल्याही रंगापेक्षा लाल झाला. मला वाटलं, आता सरांची नोकरी गेली.

पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या माई उठल्या. कुणाचा हात न धरता उठल्या. चित्राकडे बघत त्यांनी घाईनं पदर डोक्यावर घेतला, जसा घरात माणूस आल्यावर घ्यावा. आणि कन्नडात, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आता हसायला काय झालं?"

ज्यांना कन्नड येत होतं ते गप्प, आणि ज्यांना येत नव्हतं तेही गप्प. माई तशाच उभ्या राहिल्या. उत्तर येईल, एवढा वेळ उभ्या राहिल्या. मग बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर चेहऱ्याच्या गांभीर्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी मागे वळून पाहिलं तर दाराशी सर नव्हते. ते खाली नळावर करंगळी घासत होते. मी जवळ जाताच, वर न बघता म्हणाले, "बिघडलं न्हाई म्हणायचं मग." मी त्यांना साबण दिला.

लक्ष्मी पास झाली, पुढे शिकली. ते स्थळ परत फिरलं ते फिरलंच. नरसय्या म्हणाले, "सावलीला भ्यालेली माणसं. बरं झालं." आज ती हैदराबादला कापडावर काम करते, आणि तिची नावाजलेली प्रदर्शनं होतात. नागणसुरे सर निवृत्त झाले आणि गौराक्कांना घेऊन गावी गेले. मधल्या काळात त्यांचा उजवा हात थरथरायला लागल्याचं कानावर आलं होतं. फोनवर विचारलं की ते विषय बदलत.

परवाच्या ज्येष्ठात लक्ष्मी आली होती. तिचं मुंबईत प्रदर्शन होतं आणि उद्घाटन सरांच्या हातून व्हावं असं तिच्या मनात होतं. आम्ही दोघी गाडी करून त्यांच्या गावी गेलो, आणि नेमकी त्या दिवशी कारहुणवी निघाली, तिकडचा बैलांचा सण. वेशीबाहेर ओढ्याकाठी धुतलेले बैल ओळीनं उभे होते, आणि त्या ओळीच्या तोंडाशी, दगडावर रंगाचे डबे मांडून, आमचे सर शिंगं रंगवत होते.

"बर्री, बर्री," त्यांनी आम्हाला बघून हाक मारली, म्हणजे या, या. "पण थांबावं लागंल. नंबर लागलेत."

लक्ष्मीनं प्रदर्शनाचं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. काय केलंस, कुठलं कापड, किती मोठं, सगळं विचारलं. मग म्हणाले, "माझं येणं काय जमायचं न्हाई, बाळ. प्रवास झेपत न्हाई. उद्घाटन नरसय्यांच्या हातनं कर. भांडतील, पण येतील."

लक्ष्मी हसली आणि दुसरीकडे बघायला लागली. मी विचारलं, "सर, एवढी शिंगं रंगवून दमत नाही का?"

"दमतो की. पण बैल लई चांगलं गिऱ्हाईक हाय, मॅडम. अर्थ विचारत न्हाई."

गौराक्कांनी घरी नेऊन पोळी आणि आमटी वाढली. निघायला दुपार कलली. वेशीजवळ गाडी हळू झाली. बाकीचे बैल वाजतगाजत पुढे गेले होते. मागे एकच राहिला होता, पांढरा, दांडगा, शिंगाला कुणाला हात लावू न देणारा. मालक दावं आखडून वैतागला होता. "सर, राहू दे की त्याचं, मिरवणूक गेली!" सर जागचे हलले नाहीत. ब्रश खाली धरून ते त्या बैलासमोर नुसते उभे होते आणि हळू आवाजात त्याच्याशी कन्नडात काहीतरी बोलत होते.

लक्ष्मीनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. आम्ही काचेतून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं बैलानं मान खाली घातली. सरांनी थरथरणाऱ्या उजव्या मनगटाखाली डाव्या हाताचा तळवा धरला, आणि ब्रश उचलला.